मोहेंजोदडोच्या मुद्रा : बोटभर दगडाची साक्ष

एखादी गोष्ट कायमची ठरली, तिच्यात आता बदल नाही, असे सांगायचे असले की आपण मराठीत ‘शिक्कामोर्तब झाले’ असे म्हणतो. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना या जोडशब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असेल. पत्राच्या माथ्यावर अधिकाऱ्याचा शिक्का असे आणि मजकूर संपला की अखेरीस लहानशी मोर्तब उमटवली जाई. शिक्का सांगे की हे पत्र कोणाचे आहे. मोर्तब सांगे की मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही लिहिले असेल तर ते खरे मानू नये. म्हणजे ओळख पटवणे आणि लबाडीला वाव न ठेवणे ही दोन कामे तळहातावर मावणाऱ्या दोन वस्तू करीत असत.

ही युक्ती किती जुनी असावी? आज उपलब्ध असलेल्या पुराव्यानुसार आपल्या उपखंडात तिचे पूर्ण विकसित रूप साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू नदीच्या खोऱ्यात दिसते. सहावीच्या इतिहासात हडप्पा संस्कृतीचा धडा शिकवताना आपण मुद्रेचे चित्र दाखवतो, त्यावरचा बैल किंवा एकशिंगी प्राणी दाखवतो आणि पुढे जातो. पण ही संस्कृती किती जुनी आहे हे प्रथम ज्यामुळे कळले तो पुरावा म्हणजे हीच मुद्रा. तो पुरावा कसा उलगडला याची हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने तिला आणखीही एक महत्त्व आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननातील एका मोठ्या विभागाला ज्यांचे नाव आहे ते काशिनाथ नारायण दीक्षित यांचा जन्म 1889 साली पंढरपूरचा.

पहिली मुद्रा आणि पहिला निष्कर्ष

पंजाबातील हडप्पा येथील टेकाडांची पाहणी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात एकाहून अधिक वेळा केली. तोवर लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या कामासाठी ठेकेदारांनी तेथील विटा गाड्या भरभरून नेल्या होत्या. 1872-73 च्या पाहणीच्या अहवालात कनिंगहॅम यांनी तेथे मिळालेल्या एका मुद्रेचे चित्र प्रसिद्ध केले. गुळगुळीत दगड, त्यावर एक प्राणी आणि वर काही अक्षरांसारख्या खुणा. त्यांनी असा विचार केला की ही अक्षरे भारतातील कोणत्याही ज्ञात लिपीतील नाहीत आणि या बैलाला वशिंडही नाही. तेव्हा ही मुद्रा परदेशातून आलेली असावी. हातात असलेल्या माहितीवरून काढलेला हा निष्कर्ष तर्काला सोडून नव्हता. मात्र हातात एकच मुद्रा होती. एका नमुन्यावरून नियम बांधता येत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, 1911-12 मध्ये, देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला गेले. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात होता आणि पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचा कारभार पुण्याहून चाले. त्यामुळे हे टेकाड त्यांच्या अखत्यारीत येई. भांडारकर हे मोठे अभ्यासक होते. शिलालेख आणि नाणी या विषयांत त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. त्यांनी तेथील विटा पाहिल्या. विटा नव्या धाटणीच्या वाटल्या, कोरीव काम केलेली भाजक्या मातीची वस्तू कुठे दिसली नाही, आणि गावकरीही हे गाव दोनशे वर्षांपूर्वीचे असल्याचे सांगत. ही परंपरा चुकीची दिसत नाही, अशी नोंद त्यांनी अहवालात केली.

म्हणजे अंदाज चार हजारांहून अधिक वर्षांनी चुकला. पण विद्यार्थ्यांपुढे ही गोष्ट ठेवताना हसण्यावारी नेऊ नये. जुन्या इमारतींत मोठ्या आकाराच्या विटा असतात हा त्या काळचा अनुभव होता. मोहेंजोदडोच्या विटा आटोपशीर, एकसारख्या आणि चांगल्या भाजलेल्या होत्या. इतक्या पूर्वी कोणी अशा विटा पाडत असेल ही कल्पनाच कोणाला नव्हती. गंमत अशी की आज याच विटा हडप्पा संस्कृतीची ओळख मानल्या जातात, कारण त्यांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण बहुधा 1 : 2 : 4 असे ठरलेले असते. वीट तीच होती. तिच्याशी ताडून पाहण्याजोगे काही तेव्हा हाती नव्हते.

दोन टेकाडे, एकच ठसा

1921 मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे उत्खनन सुरू केले. पश्चिम विभागाचे प्रमुख राखालदास बॅनर्जी यांनी 1922-23 मध्ये मोहेंजोदडोला खणायला घेतले. तेथील एका बौद्ध स्तूपाच्या परिसरात खोल जाताना त्यांना मुद्रा मिळाल्या. कनिंगहॅम यांनी छापलेल्या चित्राशी त्यांचे साम्य होते. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांनी 1924 मध्ये दोन्ही ठिकाणच्या वस्तू सिमल्याला मागवून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही गावांमध्ये सुमारे 640 किलोमीटरचे अंतर, पण मुद्रा एकाच साच्यातल्या वाटाव्यात अशा.

आता ‘परदेशातून चुकून आलेली वस्तू’ हे स्पष्टीकरण टिकणारे नव्हते. 20 सप्टेंबर 1924 च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये मार्शल यांनी छायाचित्रांसह लेख लिहिला. त्या वेळी या अवशेषांचा काळ त्यांना सांगता येत नव्हता. लेखाला आठवडा होतो न होतो तोच ए. एच. सेस यांचे पत्र आले. इराणमधील सुसा येथे मिळालेल्या प्राचीन वस्तूंशी या मुद्रांचे साम्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पाठोपाठ सी. जे. गॅड आणि सिडनी स्मिथ यांनी मेसोपोटेमियातील वस्तूंशी तुलना करणारा लेख लिहिला. पुढे अर्नेस्ट मॅके यांनी इराकमधील किश येथील माहिती कळवली. हम्मुराबीचा मुलगा साम्सुइलुना याच्या काळात पुन्हा बांधलेल्या एका देवळाच्या फरशीखाली तशीच मुद्रा मिळाली होती.

या शेवटच्या शोधातील तर्क मुलांकडून काढून घेण्यासारखा आहे. फरशी शाबूत आहे, तेव्हा तिच्या खाली असलेली वस्तू फरशी घालण्यापूर्वी तेथे पोचलेली असली पाहिजे. फरशी कोणत्या राजाच्या काळची हे लेखांवरून माहीत आहे. म्हणून मुद्रा त्या राजापेक्षा जुनी. मुद्रेवर तारीख नाही, सिंधू खोऱ्यात वाचता येण्याजोगी राजांची यादी नाही. पण मेसोपोटेमियात ती आहे. मुद्रा व्यापाऱ्याबरोबर तिथपर्यंत गेली म्हणून तिचा काळ ठरवता आला. वीट प्रवास करीत नाही, मुद्रा करते. भांडारकरांच्या अंदाजात उणीव राहिली ती नेमकी इथे.

पुढे इराकमध्ये असे दुवे वाढत गेले. उर येथे भारतीय धाटणीच्या मुद्रा मिळाल्या आणि गॅड यांनी 1932 मध्ये त्यांवर निबंध लिहिला. टेल अस्मार येथे हत्ती, गेंडा आणि सुसर कोरलेली एक दंडगोल मुद्रा अक्कडच्या राजवटीच्या थरात मिळाली. इराकच्या नद्यांकाठी गेंडा नसतो. ही चित्रे कोरणाऱ्याला सिंधूकाठचे प्राणी ठाऊक होते. अक्कडचा राजा सारगॉन आपल्या लेखात मेलुहाच्या जहाजांचा अभिमानाने उल्लेख करतो. मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका दंडगोल मुद्रेवर तिच्या मालकाचे नाव शू-इलिशू आणि त्याचा व्यवसाय ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषा’ असा नोंदलेला आहे. नंतर कार्बन-14 पद्धतीने मिळालेल्या कालखंडाने हा सारा हिशेब पक्का केला. हडप्पा संस्कृतीचा नागरी काळ आता इ. स. पू. 2600 ते 1900 असा धरला जातो.

काशिनाथ दीक्षितांचा विभाग

मार्शल यांच्या लेखानंतर 1924-25 च्या हंगामात मोहेंजोदडोचे काम काशिनाथ दीक्षित यांच्याकडे आले. तेथील उत्खननाचे विभाग ज्यांनी खणले त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांनी ओळखले जातात. ‘एचआर’ म्हणजे हारग्रीव्ह्ज, ‘व्हीएस’ म्हणजे माधोसरूप वत्स आणि ‘डीके’ म्हणजे दीक्षित. त्यांच्या विभागात पुढे मॅके यांनीही बरीच वर्षे काम केले. ‘पुरोहित राजा’ म्हणून पुस्तकांत छापला जाणारा दाढीवाला अर्धपुतळा याच विभागातला. चार प्राण्यांच्या मध्ये आसन घालून बसलेल्या शिंगधारी पुरुषाची प्रसिद्ध मुद्राही 1928-29 मध्ये याच विभागात मिळाली. दीक्षित 1937 ते 1944 या काळात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. मद्रास येथे त्यांनी दिलेली सिंधू संस्कृतीवरील व्याख्याने 1939 मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

या शिंगधारी पुरुषाला मार्शल यांनी शिवाचे आद्य रूप मानले आणि ‘पशुपती’ हे नाव रूढ झाले. पुढच्या अनेक अभ्यासकांनी या ओळखीला आक्षेप घेतला आहे. शिकवताना आपण दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. ‘आसन घातलेली, शिंगांचा मुकुट असलेली आकृती आणि भोवती हत्ती, वाघ, गेंडा व रेडा’ हे निरीक्षण आहे. ‘हा पशुपती’ हा अर्थ आहे. निरीक्षण सर्वांना मान्य असते, अर्थाला पुरावा लागतो.

शंखजिऱ्याचा दगड कठीण कसा झाला?

आता मुद्रेच्या घडणीकडे वळू. बहुतेक मुद्रा चौकोनी असून त्यांची बाजू साधारण 2 ते 4 सेंटिमीटर भरते. पाठीमागे भोक पाडलेला उंचवटा असतो. त्यातून दोरा ओवून मुद्रा बाळगता येई. दगड आहे स्टिएटाइट, म्हणजे आपल्या ओळखीचे शंखजिरे. अंगाला लावायच्या पावडरीत हेच खनिज असते.

मोहस् यांच्या कठिणतेच्या मापावर शंखजिऱ्याचा क्रमांक पहिला, म्हणजे सर्वांत मऊ. आपल्या नखाची कठिणता सुमारे अडीच आणि तांब्याची सुमारे तीन. म्हणून या दगडावर तांब्याच्या किंवा काशाच्या टोकदार हत्याराने केसासारख्या बारीक रेषा कोरता येतात. मॅके यांनी 1935-36 मध्ये चन्हुदडो येथे केलेल्या उत्खननात अर्धवट राहिलेल्या मुद्रा मिळाल्या. त्यांच्यावरून दगड करवतीने कापणे, पाठीचा उंचवटा घडवणे, पृष्ठभाग घासून सपाट करणे आणि मग कोरणे हा क्रम समजतो.

पण मऊ दगडाची मुद्रा रोजच्या वापरात झिजून जाईल. त्यावर कारागिरांनी उपाय शोधला होता. कोरून झालेल्या मुद्रेवर क्षारयुक्त लेप देऊन ती भट्टीत भाजत. शंखजिरे हे मॅग्नेशियमचे पाणी धरून ठेवणारे सिलिकेट आहे. सुमारे 900 अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याच्या स्फटिकात अडकलेले पाणी निघून जाते. हे पाणी वजनाच्या सुमारे पावणेपाच टक्के असते. मागे एन्स्टटाइट आणि सिलिका अशी नवी खनिजे उरतात. त्यांची कठिणता पाच ते सातच्या दरम्यान असते. जी वस्तू नखाने ओरखडली जात होती ती आता चाकूलाही दाद देत नाही. शिवाय ती पांढरी शुभ्र दिसते. मऊ असताना घडवायचे आणि मग अग्नीकडून कठीण करून घ्यायचे हे तंत्र कुंभाराच्या मडक्याला लागू आहे तसेच या दगडालाही लागू पडते, हे त्या कारागिरांनी ओळखले होते. रसायनशास्त्राच्या तासाला ‘रासायनिक बदल’ शिकवताना हे उदाहरण आवर्जून वापरावे.

मुद्रा कशासाठी?

मुद्रा स्वतः काही सांगो न सांगो, तिचा ठसा बरेच सांगतो. गुजरातेतील लोथल येथे एस. आर. राव यांनी 1955 ते 1962 या काळात उत्खनन केले. तेथील वखारीत मातीचे साठांहून अधिक ठसे मिळाले. वखारीला आग लागली आणि ओल्या मातीचे ठसे भाजून टिकाऊ झाले. एरवी ते केव्हाच विरघळले असते. या ठशांच्या पुढच्या बाजूला मुद्रेची आकृती आहे आणि पाठीमागे चटई, विणलेले कापड आणि पीळ दिलेली दोरी यांच्या खुणा आहेत. गाठोडे बांधायचे, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा, त्यावर मुद्रा उमटवायची. वाटेत कोणी गाठ सोडली तर ठसा फुटणार आणि चोरी उघड होणार. म्हणजे मातीच्या त्या गोळ्याने ‘माल कोणाचा’ आणि ‘माल कोणी हाताळला नाही’ या दोन्ही गोष्टींची हमी मिळे. विजेच्या मीटरला लावलेले सील आज हेच काम करते.

महाराष्ट्रातही या परंपरेची एक खूण आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद नावाचे स्थळ आहे. एस. ए. साळी यांच्या उत्खननात तेथील उत्तर हडप्पा काळाच्या थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या दोन मुद्रा आणि काही खापरे मिळाली. या मुद्रा दगडाच्या नव्हेत, भाजक्या मातीच्या आणि गुंडीच्या आकाराच्या आहेत. सिंधू खोऱ्यातील शहरे मोडकळीस येत असताना त्या लिपीची खूण गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोचली होती.

लिपी वाचली का?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर स्पष्ट द्यावे : सर्वमान्य वाचन अजून झालेले नाही. तरीही या लिपीविषयी आपल्याला काहीच कळलेले नाही असे नव्हे.

ती सामान्यतः उजवीकडून डावीकडे लिहीत. ठशाच्या डाव्या टोकाला जागा अपुरी पडल्याने चिन्हे दाटीवाटीने बसवलेली अनेकदा दिसतात. कालीबंगा येथील खापरावर एकमेकांवर गेलेल्या रेघांचा क्रम तपासून बी. बी. लाल यांनीही हेच दाखवले. इरावतम् महादेवन यांनी 1977 मध्ये 2,906 कोरीव वस्तूंवरील लेखांची सूची प्रसिद्ध केली. त्यांच्या मोजणीनुसार वेगवेगळी चिन्हे 417 आहेत. ही संख्या वर्णमालेसाठी फार मोठी आणि प्रत्येक शब्दाला स्वतंत्र चिन्ह असण्यासाठी फार लहान आहे. त्यामुळे काही चिन्हे शब्दांची व काही उच्चारांची असावीत, असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. अडचण ही की लेख अतिशय तोकडे आहेत. एका लेखात सरासरी पाचच्या आसपास चिन्हे असतात. इजिप्तची लिपी उलगडली ती रोझेटा येथील शिळेमुळे, कारण तिच्यावर तोच मजकूर ग्रीक भाषेतही होता. सिंधू लिपीसाठी असा दुभाषी लेख मिळालेला नाही.

2004 मध्ये फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल यांनी ही लिपीच नव्हे, ही केवळ बोधचिन्हे आहेत असे मत मांडले. 2009 मध्ये राजेश राव आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात चिन्हांच्या क्रमाचे गणित प्रसिद्ध केले. त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि निशा यादव होते. एका चिन्हानंतर दुसरे कोणते येईल यातील अनिश्चितता त्यांनी मोजली. ती मानवी भाषांच्या मर्यादेत बसते, असे त्यांना आढळले. एवढ्याने ती भाषा आहे हे सिद्ध होत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. वाद चालू आहे. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडू सरकारने ही लिपी उलगडणाऱ्यास 10 लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले.

अधूनमधून वर्तमानपत्रांत ‘सिंधू लिपी वाचली’ अशी बातमी येते. कोणाला ती संस्कृत वाटते, कोणाला द्राविडी. अशा वेळी शाळेत मुले विचारतील तेव्हा बाजू घेण्यापेक्षा तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. एका चिन्हाचा एकदा ठरवलेला उच्चार सर्व लेखांत तोच ठेवला आहे का? हीच किल्ली घेऊन दुसऱ्या माणसाला तोच लेख तसाच वाचता येतो का? आणि उद्या नवा लेख सापडला तर तो या किल्लीने, तिच्यात फेरफार न करता, उघडतो का? या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच दावा विचारात घ्यावा.

वर्गात करून पाहा

कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीतून तीन सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापावा. शंखजिऱ्याप्रमाणेच साबणही मऊ असतो. दाभणाने त्यावर एक प्राणी आणि आपल्या नावाची अक्षरे कोरावीत. मळलेल्या ओल्या मातीवर ठसा घेतला की पहिल्याच प्रयत्नात अक्षरे उलटी उमटतील. ठशात सरळ दिसण्यासाठी मुद्रेवर उलटे कोरावे लागते, हे मुले आपणहून शोधतील. मग दोघांनी एका गाठीवरच्या मातीत आपापले ठसे थोडे एकमेकांवर येतील असे उमटवावेत. आधी कोणता उमटला हे तिसऱ्याने कडा पाहून ओळखावे. शेवटी ठसा न मोडता गाठ सोडून दाखवण्याचे आव्हान द्यावे.

सोलापूर आणि बार्शीकडील शाळांना सहलीसाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर जवळ आहे. तेथील लामतुरे संग्रहालयातील सातवाहनकालीन वस्तू हडप्पा संस्कृतीनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी घडलेल्या आहेत. तरी प्रत्येक वस्तूपाशी मुलांनी दोन वह्या उघडाव्यात. एकीत डोळ्यांना दिसते ते लिहावे, दुसरीत त्यावरून वाटते ते. कनिंगहॅम आणि भांडारकर यांच्यासारख्या जाणकारांचे अंदाजही दुसऱ्या वहीतलेच होते आणि नव्या पुराव्याने ते बदलावे लागले. पहिल्या वहीतली मुद्रा मात्र तीच राहिली.